सर्व्हरवाल्याचा पाहुणचार
सत्त्याण्णव साली रोह्याच्या एका कारखान्यात ड्रॉइंग सेक्शनच्या सगळ्या फायली एका युनिक्स सर्व्हरवर होत्या आणि त्या काही केल्या लवकर उघडत नव्हत्या, म्हणून मुंबईहून मला बोलावलं. सोमवारी मी नेटवर्कची एक खराब केबल बदलली आणि एकेक फाईल पुन्हा पुन्हा उघडून वेग मोजणारा माझा प्रोग्राम लावून बसलो. तरी सर्व्हर ढिम्म!

माणसं मात्र भारी प्रेमळ. जरा बसलो, की सेक्शनमधल्या आसावरीबाई पेणचे पोह्याचे पापड दाखवून कॅन्टीनला न्यायच्या. दुपारी ड्राफ्ट्समन कमळाकर मला स्कूटरवरून थेट जवळच्या निडी गावात न्यायचा, त्याच्या घरी जेवायला.

बुधवारी पाचला ड्रॉइंग्ज गिऱ्हाइकाकडे जायची होती. चारला कमळाकर हजर. "चला साहेब, आईनं कोलंबी केलीय."

"आत्ता? अरे, इथे एक फाईल उघडत नाहीये!"

"म्हणून तर चला. केबल बदललीत तेव्हाच दुखणं गेलं होतं. आता उठताना तुम्ही तुमचं ते मोजायचं बंद करता, की सर्व्हर सुसाट पळतो. तीन दिवस तुम्हाला खायला घालून आम्ही कामं उरकतोय. पाहुण्याला तोंडावर कसं सांगायचं?"

मी प्रोग्राम बंद केला. फायली फटाफट उघडल्या, पावणेपाचला ड्रॉइंग्ज रवानासुद्धा झाली. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, सगळ्यात जोरात मी.

"झ्याक काम झालं," कमळाकर म्हणाला. "आता निडीला यायची गरज नाय."

मी पुन्हा खुर्चीत बसलो आणि प्रोग्राम चालू केला.