रविवारची आमटी

दुसरा घास ऋतुराजने पाण्याबरोबर गिळला.

“आमटी आवडली ना रे?” सरलाआजींनी विचारलं.

“खूप, आजी.”

आमटी खारट कसली, नुसतं मीठच होतं ते. पण शेजारच्या राजसने पायावर पाय दाबला होता, म्हणून आज पहिल्यांदाच आलेल्या ऋतुराजने खरं सांगितलं नाही. पलीकडे आश्लेषा तीच आमटी भातावर ओतून घेत होती, आणि तिसऱ्यांदा पाण्याचा तांब्या मागत होती.

चंडीगडला शिकायला आलेली ही मराठी मुलं दर रविवारी बसचे धक्के खात झिरकपूरला आजींकडे जेवायला यायची. नवरा गेल्यावर आजी कराडचं घर बंद करून मुलाकडे आल्या होत्या. पहिलं वर्ष बाल्कनीतून गाड्या बघण्यात गेलं. मुलगा-सून कामावर, आणि शेजाऱ्यांशी बोलायचं तर हिंदी तोंडात बसेना. मग ही मुलं भेटली आणि सत्तरी उलटलेल्या आजींना कामच मिळालं. शनिवारपासूनच त्यांचं खोबरं भाजणं सुरू व्हायचं.

देवाला नैवेद्य दाखवण्याआधी चव बघायची नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. नंतरही बघायची सोय नव्हती. ब्लडप्रेशरमुळे डॉक्टरांनी मीठ तोडलेलं, त्यामुळे त्यांची अळणी खिचडी वेगळी शिजायची.

जेवणं झाली तरी कुणी उठलं नाही. आश्लेषाने आजींच्या गोळ्या डबीत भरून ठेवल्या. राजसने त्यांचा हात हातात घेऊन डोळ्यांना नीट दिसतं ना, झोप लागते ना, सगळं विचारलं. ऋतुराजला त्यांनी कृष्णेच्या घाटावरच्या गमती सांगितल्या. उन्हं उतरली तेव्हा कुठे मुलं निघाली.

सून निधी त्यांना सोडायला खाली गेटपर्यंत आली.

“आता मी हे बंद करणार आहे,” ती म्हणाली. “असं खाऊन आजारी पडाल तुम्ही.”

“ताई, प्लीज नको,” राजस म्हणाला. “हातची चव गेली हे कळलं तर आजी खचतील. आम्ही खाऊ, पक्का.”

“मी तर पुढच्या रविवारीही येणार,” ऋतुराज म्हणाला. “माझी आजी गेली तेव्हा मी इथेच होतो, कोचिंगला. शेवटचं बोलणंसुद्धा झालं नाही, यार.”

निधी मान हलवून मागे वळली. पण जिना चढताना तिला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला सगळ्यांनी मिळून असं फसवणं काही बरं नाही. वाईट वाटलं तर वाटू दे.

आजी खिडकीपाशी उभ्या होत्या. मुलं रस्ता ओलांडून दिसेनाशी होईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

“आई, रागावू नका,” निधी म्हणाली. “हल्ली आमटीत मीठ फार पडतंय. मुलं तुम्हाला सांगत नाहीत, एवढंच.”

आजींनी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

“दिवाळीनंतर पहिल्यांदा पडलं, चुकून,” त्या म्हणाल्या. “पातेलं विसळताना बोट लावून बघितलं, तेव्हा कळलं.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“त्याआधी आमटी झकास व्हायची, निधी. पोरं भराभर जेवायची आणि हात वाळायच्या आत पळायची. त्या दिवशी पहिल्यांदा थांबली. माझा हात धरून बसली.” आजींनी पदराने डोळे पुसले. “आज तर नवीन मुलगा यायचा होता, म्हणून मूठभर जास्तच घातलं.”