पुलावर तासभर

नागपूरला गाडीत बसल्याबरोबर यशोधराबाईंनी तिखट पुऱ्यांचा डबा समोरच्या बाईपुढे धरला. ती ओशाळून नको म्हणाली. गाडी सुटताच सगळ्यांना झोपवणार होते. गुवाहाटीपर्यंत छत्तीस तास कुणालाच भूक लागणार नव्हती. तरी बाईंनी सवयीने आठ जणांच्या पुऱ्या लाटल्या होत्या.

मनगटाला झोपेची सुई टोचायला आलेली परिचारिका म्हणाली, "काकू, एवढं कोण खाणार?"

"वाटेत जागं कुणीच नसतं?"

"मी असते ना. एकटीच."

"मग तूच खा, बाई."

जाग आली तेव्हा गुवाहाटी आलं होतं. उशाशी घासलेला डबा होता आणि आत चिठ्ठी.

"काकू, डबा रिकामा कसा देऊ? सकाळी गाडी एका पुलावर तासभर रखडली. एसी बंद, नुसता उकाडा. खाली पोरं म्हशी धूत होती. तुम्ही जाग्या असता तर किती वैतागला असता!"

फलाटावर लेकीने बॅग घेतली. "आई, झोप नीट झाली ना?"

"कसली झोप!" कपाळावरचा नसलेला घाम पदराने पुसत यशोधराबाई म्हणाल्या. "त्या पुलावर गाडीने तासभर रखडवलं. उकाड्याने जीव नकोसा झाला बघ."