दूध विरजेना

पाचव्या दिवशीही दही लागलं नाही. लीलाताईंनी पातेलं तिरपं केलं, तर दूध जसंच्या तसं ओट्यावर सांडलं. विरजण बदलून झालं होतं. पातेलं कणकेच्या डब्यात उबेला ठेवूनही झालं होतं.

“नारायण भेसळ करतो,” त्यांनी जाहीर केलं. “सोडा घालत असणार मेला.”

लीलाताईंनी जाहीर केलं की हिंदी मुलखातल्या अवधपुरीच्या त्या गल्लीत ते ठरलंच. गल्लीतली बावीस मराठी घरं एकाच सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेली, आणि लीलाताई त्यांच्या बिनपदवीच्या डॉक्टर. निवृत्त लोकांना कारखान्याच्या दवाखान्यातून औषधं फुकट मिळत. जरा बरं वाटलं की लीलाताई गोळ्या थांबवत आणि उरलेल्या एका बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवत. शेजारणीचा घसा, चौकीदाराचा ताप, कामवालीचं गळू, सगळ्यांवर त्या डब्यातून उपचार होत. यजमान नीळकंठराव गेल्यापासून घराची घंटा वाजायची ती या रोग्यांमुळेच. चांगली गोळी त्यांना टाकवत नसे, आणि कुणाचं कण्हणं ऐकवत नसे.

शनिवारी पाच वाजता त्यांनी अंगणात बायकांची सभा बोलावली. नारायणलाही यायला सांगितलं. विषय एकच: त्याचं दूध बंद करायचं. वीस वर्षं तो या गल्लीत दूध घालत होता आणि ही बावीस घरं सोडून त्याला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

त्यांची सून विजया अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. दुधात उतरणारी औषधं हाच तिच्या संशोधनाचा विषय. गुरुवारी ती घरच्या दुधाची बाटली भरून घेऊन गेली होती. शनिवारी तीन वाजता ती हातात कागद घेऊन परत आली.

“सोडा नाही, पावडर नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही,” ती म्हणाली. “दुधात अँटिबायोटिक आहे, आई.”

“ते आणि कशाला घातलं त्याने?”

“घातलं नाही, उतरलंय. म्हशीला औषध दिलं की ते दुधात येतं. दही लावणारे जंतू त्यात मरतात, म्हणून दूध विरजत नाही. आणि आपल्या अंगातले वाईट जंतू रोज थोडं थोडं औषध चाखून कोडगे होतात. मग खऱ्या आजारात तेच औषध लागू पडत नाही. मागच्या थंडीत तुमचं औषध तीनदा बदलावं लागलं, आठवतं? गोळ्या अर्ध्यावर सोडल्या तरी तेच होतं.”

लीलाताई हळूच खुर्चीत बसल्या.

“त्याच्या चंपाच्या कासेला सूज आली होती गं,” त्या म्हणाल्या. “फाटकात उभा राहून रडत होता. मीच दिल्या गोळ्या. माणसाला दिवसाला दोन, तर म्हशीला सोळा, असा अंदाज केला.”

विजयाला हसू आलं, पण सासूचा चेहरा पाहून तिने ते आवरलं.

“सभा रद्द करू या का?” लीलाताईंनी विचारलं.

“रद्द केलीत तरी बायका दूध बंद करणारच. भेसळ म्हणून तुम्हीच सांगून बसलात.”

“आणि खरं सांगितलं, तर माझं दार कोण वाजवेल उद्यापासून?”

 विजयाने सासूच्या खांद्यावर हात ठेवला आणि चहा टाकायला गेली.

पाच वाजता अंगण भरलं. विजयाने कागद वाचून दाखवला. औषध दिल्यावर काही दिवस दूध टाकून द्यायचं असतं, या औषधाला दहा दिवस धरा, असं समजावून सांगितलं. नाव मात्र कुणाचं घेतलं नाही. ते सांगणं सासूचं काम होतं, आणि सासू पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

“पण औषध दिलं कुणी?” समोरच्या घरातल्या कुसुमताईंनी विचारलं.

नारायण फाटकाशी उभा होता. त्याला मराठी सगळं कळायचं, उत्तर हिंदीत यायचं. त्याने लीलाताईंकडे चुकूनही पाहिलं नाही.

“मैं ही लाया था, बाज़ार से. गलती मेरी है.”

“मग उद्यापासून येऊ नकोस बाबा,” कुसुमताई म्हणाल्या.  नारायणने मान हलवली आणि मोटरसायकल वळवायला घेतली.

“थांब रे!” लीलाताई उठून उभ्या राहिल्या. “औषध मी दिलं होतं.”

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. विजयाचा जीव भांड्यात पडला. पण नारायण घाईघाईने पुढे आला आणि त्याने हात जोडले.

“अम्माजी ने तो साफ कहा था, दस दिन दूध मत बेचना. मैंने ही नहीं सुना.”

लीलाताई त्याच्याकडे बघतच राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले.

“खोटं बोलतोय मेला!” त्या ओरडल्या. “मीच म्हटलं होतं त्याला, दूध घालत राहा, घरचंच औषध आहे! आता दहा दिवस कोरा चहा प्या सगळ्या, आणि अकराव्या दिवशी दूध याच्याकडूनच घ्या. डॉक्टर बदला गं बायांनो, दूधवाला नका बदलू.”