होळीवर चढलेला माग

चाक नसलेली खाचर गाडी. दोन मोडके पाट. कौशल्याबाईंच्या न्हाणीचं दार. सगळं होळीसाठी पळवलेलं.

बाजारातल्या टोळीच्या प्रविणची भुवई मंडईच्या जत्रेत विणकर गल्लीच्या पोरांशी झालेल्या मारामारीत फुटली होती. तिथं अजून केस उगवले नव्हते.

अंकुशला पुण्याच्या कंपनीचा निरोप : सोमवारी हजर व्हा. जेवता जेवता अंकुशनं बापाला दिलेलं उत्तर : "घरात माग हाय तवरिक मी कोठीच जात नाही."

होळीवर एकदा चढलेलं लाकूड खाली येत नाही, चोरलेलं असलं तरी. मोहाडीत हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

अंकुश तलावावरून ओल्या केसांनी घरी आला तेव्हा माग जागेवर नव्हता. जमिनीत फक्त खांबांचे खड्डे. अर्धवट विणलेलं लुगडं कापून, घडी करून खाटेवर ठेवलेलं.

"बाबा, माग?"

गोपाळराव ओट्यावर बसले होते. "डोळा लागला होता गा मायावाला," ते म्हणाले.

"बाजारातल्या पोट्ट्यांनी नेला. प्रविणनं," अंकुश म्हणाला.

"नेला असंल. होळीवर गेला तर आता आपला नाही. जाऊ दे."

अंकुशनं भूपेंद्रला फोन लावला. भूपेंद्र तिघांना घेऊन आला. विणकरांच्या गल्लीतली ही पाच पोरं, कोणी कोणाचा सख्खा नाही. पण एकाला लागलं की पाचांचे हात उठायचे.

लुगड्याची घडी बघून भूपेंद्र म्हणाला, "चोर मोठा संस्कारी दिसून राहिला बे."



बाजाराच्या पटांगणात होळी रचलेली होती. सगळ्यात वर मागाचे खांब. खाली प्रविण, मागं त्याची टोळी.

"उतरव," अंकुश म्हणाला.

"चढलं ते चढलं."

"काहून नेला? जळवाले दुसरं काही भेटलं नाही तुले?"

प्रविणनं नजर वळवली. अंकुशनं त्याच्या थोबाडीत लगावली. बाजारातली पोरं पुढं सरकली, तसा प्रविणनं हात आडवा केला. "राहू द्या."

"बोल नं. चोर हावो म्हण."

"हावो चोर," प्रविण म्हणाला. "झालं समाधान? आता घरी जाय, बॅग भर अन् पुण्याले पय."

अंकुश होळीवर चढला.

पटांगणातली माणसं गोळा झाली. यादोराव दरवर्षी होळी पेटवायचे. ते ओरडले, "अगा पोट्ट्या, होळीचं लाकूड उतरवलं तं घर बसते."

"बसू द्या. नाही तरी मले मागावर बसाचंच हाय."

एकेक दांडा त्यानं खाली सोडला. भूपेंद्रनं आधी आजूबाजूला पाहिलं, मग हात पुढं केले. शेवटचा खांब मात्र प्रविणनं दुसऱ्या टोकाला धरून ठेवला.

"अंकुश, सोड."

इतक्या वर्षांत त्यानं पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती. अंकुशनं हिसडा दिला. प्रविणच्या तळहातात कुसळ घुसलं. त्यानं खांब सोडला.

पाचही जण माग खांद्यावर घेऊन भर बाजारातून गेले. कोणी रस्ता अडवला नाही. बायका पदराआडून बघत होत्या. भूपेंद्रनं तर शिट्टीही वाजवली.

होळी पेटायच्या आत माग उभा झाला. अंकुशनं शेवटची खुंटी ठोकली आणि खांबावर जोरानं थाप मारली.

"उद्या सुताचा ताणा लावू, बाबा. आता कोणी हात लावून दाखवो."

गोपाळरावांनी मागाकडे पाहिलं, मग पोराकडे.

"अन् सोमवार?"

"सोमवार गेला खड्ड्यात. आता तं मी मुळीच जात नाही."

गोपाळराव उठले आणि बाहेर गेले. पटांगणाकडून बोंबा ऐकू येऊ लागल्या.

दुपारी, अंकुश तलावावर असताना, गोपाळरावांनी प्रविणला मागच्या दारानं घरात बोलावलं होतं, आणि माग उचलताना दुसरी बाजू स्वतः धरली होती.