हिरव्या कापडावरच्या सात चिठ्ठ्या

सातही चिठ्ठ्यांवर बोडिलने एकच विषय लिहिला होता. गावांची नावं. सगळ्यात सोपा.

"घे एक," ती म्हणाली.

हाइनीने हात पुढे केला. मागे घेतला. मग मधली चिठ्ठी उचलली. नखांत खडू होता. फेरो बेटांवरचा हा सत्तेचाळीस वर्षांचा माणूस इथे एका शाळेत गणित शिकवत होता, तेही हंगामी. कायम व्हायचं तर विद्यापीठाचा आणखी एक विषय हवा. त्याने उत्तरेकडच्या भाषा आणि संस्कृती घेतल्या. लेखी सगळं सुटलं. तोंडी परीक्षेत जूनमध्ये नापास, ऑगस्टमध्ये नापास. दोन्ही वेळा चिठ्ठीतून विषय निघाला स्मृतिशिळा. दोन्ही वेळा तोच दगड: समुद्रात बुडालेल्या भावासाठी भावाने उभा केलेला. तिथे आला की हा गप्प.

आज तिसरी खेप. चौथी कोणालाच मिळत नाही.

म्हणून कॉफीच्या सुट्टीत सात वेगळ्या विषयांच्या खऱ्या चिठ्ठ्या बोडिलच्या पर्समध्ये गेल्या. शिकवण्याच्या एकतीस वर्षांत असलं काही तिने केलं नव्हतं. अपराधी वाटेल अशी तिची समजूत होती. वाटला तो फक्त थकवा. सकाळपासून आठ जण झाले होते. पाय सुजले होते. एका माणसाला तिसऱ्यांदा गप्प होताना बघायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

हाइनीने चिठ्ठी उघडली. वाचली. जरा जास्तच वेळ वाचली. घडी घालून शर्टाच्या खिशात टाकली.

"स्मृतिशिळा," तो म्हणाला.

बाहेरून आलेला परीक्षक प्रेबेन हसला. तिन्ही वेळा तोच होता. "परत? बाबा रे, तू लॉटरीचं तिकीट जन्मात काढू नकोस."

बोडिल काय सांगणार? की ती चिठ्ठी या टेबलावर नाहीच? आणि ते तुला कसं ठाऊक, असं प्रेबेनने विचारलं तर?

"वीस मिनिटं," प्रेबेनने घड्याळ लावलं.

पहिलं मिनिट. आवाज कोरडा.

चौथं. दगडावरची अक्षरं सरळ रेघांची का, हे त्याने नीट सांगितलं. प्रेबेन मान डोलावत होता. बोडिलला शब्द ऐकू येत होते, अर्थ लागत नव्हता. उरलेल्या सहा चिठ्ठ्या तिच्यासमोर पालथ्या पडल्या होत्या. एक जरी कोणी उलटली तर.

सातवं. थर्मासमधली कॉफी गार. हिवाळा. तीन वाजले नव्हते तरी खिडकीबाहेर दिवे लागले होते.

नववं. "आता हा दगड," हाइनी म्हणाला. "भावाने भावासाठी."

आणि थांबला.

हीच ती जागा. जूनमध्ये इथेच बोडिलने घाईघाईने एक सोपा प्रश्न पुढे केला होता. ऑगस्टमध्येही. मायेनेच. दोन्ही वेळा तो "माफ कर" म्हणाला आणि मिटून गेला.

दहावं. प्रेबेनने तिच्याकडे पाहिलं. विचार ना काहीतरी. विचारणं शिक्षिकेचं काम. पण बोलायला गेलं तर पहिल्यांदा चिठ्ठ्यांचंच बाहेर पडेल, असं बोडिलला वाटलं. ती गप्प बसली.

अकरावं.



"या माणसाकडे पुरायला काही नव्हतं," हाइनी म्हणाला. "म्हणून दगड. कोणी उभा केला, कोणासाठी, तो कुठे गेला. बस. रडणं नाही, देव नाही." त्याने टेबलावरच्या हिरव्या कापडावर तळहात टेकले. "माझा भाऊ टुम्मास. अकरा वर्षांपूर्वी बोट गेली, सापडली नाही. आमच्या घरी त्याचं नाव कोणी घेत नाही. बाप दर शरदात त्याच्या बुटांना चरबी लावतो. कोणाचे बूट, ते बोलत नाही. आई विचारत नाही. मीही नाही. या दगडवाल्याने निदान नाव घेतलं. चारचौघांत, वाटेवर, येणारा-जाणारा वाचेल असं."

प्रेबेनने पेन खाली ठेवलं.

मग हाइनी परत दगडावर आला. कोरणाऱ्याने एक अक्षर गाळलं होतं. दगडाची कड आली म्हणून, की हात थांबला म्हणून, यावर तो विसाव्या मिनिटापर्यंत बोलला. छान बोलला.

तो बाहेर गेला. दार लागलं.

"दहा," प्रेबेन म्हणाला. बारा, म्हणजे सगळ्यात वरचे गुण, त्याने हयातीत तिघांना दिले होते.

"दहा," बोडिल म्हणाली.

हाइनीला आत बोलावून सांगितलं. तो उभाच राहिला. प्रेबेनशी हात मिळवला. मग तिच्याशी. तिचा हात त्याने पटकन सोडला नाही.

"या वेळी तू मधे बोलली नाहीस," तो म्हणाला. "आभार."

हाइनी गेल्यावर प्रेबेन कोट चढवू लागला. "तीनदा तोच विषय! सातातून! तू या गणितवाल्यालाच विचारायला हवं होतंस, असा योग किती शेकड्यांत एकदा येतो ते."

बोडिल सहा चिठ्ठ्या गोळा करत होती. तिचा हात थांबला.

जूनमध्येही चिठ्ठी त्याने एकट्यानेच वाचली होती आणि घडी घालून खिशात टाकली होती. ऑगस्टमध्येही.