नवसाचा मुलगा

रोझरी संपली की सांगायचं, असं निहारनं बसमध्येच ठरवलं होतं.

बोम्मसंद्र्याच्या त्या दोन खोल्यांत संध्याकाळी सात वाजले की टीव्ही बंद व्हायचा, गॅस बारीक व्हायचा आणि सगळे रोझरीची जपमाळ घेऊन घरातल्या वेदीपुढे गुडघे टेकायचे. कारखान्यातून आलेले डॅडी घामेजल्या शर्टानिशीच बसायचे. धाकटी मनस्विनी फोन पालथा ठेवायची. आई, सुचेता, सुरुवात करायची, "नमो मरिये, कृपापूर्णे..." वसई सोडून इथं कानडी मुलखात येऊन जन्म गेला, पण प्रार्थना मराठीतच.

निहार लहान असताना मेंदूज्वरातून मरता मरता वाचला होता. आई वेलंकनीच्या मरियामातेला नवस बोलली होती: पोर जगलं तर तुझ्या लेकाच्या सेवेला देईन, धर्मगुरू करीन. ही गोष्ट सगळ्या गल्लीला ठाऊक होती. घरमालक मंजुनाथअण्णा तर त्याला शाळेत असल्यापासून 'चिक्क फादर' म्हणायचे, छोटे फादर. बारावी झाल्यावर तो धर्मगुरू व्हायला शहरातल्याच सेमिनरीत गेला. कुणी ढकललं नव्हतं. जायचंय का, असं कुणी विचारलंही नव्हतं.

आता दीक्षा दोन महिन्यांवर आली होती आणि त्याला ती नको होती.

देवाबद्दल शंका नव्हती. उलट त्याला नेमकं हेच हवं होतं. असं घर, शेजारी बायको, मधेच पेंगणारं पोर, आणि स्वयंपाकघरातल्या कालवणाचा वास घेत म्हटलेली रोझरी. धर्मगुरूला लग्न नाही. हे सगळं त्याला दुसऱ्यांच्या घरात बघावं लागणार होतं, आयुष्यभर.

रोझरीनंतर मुलांनी आईवडिलांचा आशीर्वाद घ्यायचा, ही घरची रीत. निहार वाकला तसे डॅडी हसले.

"घे, घे. दोन महिन्यांनी आम्हीच तुझ्यापुढे वाकायचं. कंपनीतले सगळे येतायत. मॅनेजरसुद्धा."

निहार स्वयंपाकघरात गेला. आई पाठमोरी उभी होती, तव्यावर बांगडे.

"आई, जरा बोलायचं होतं."

ती वळली नाही. "तू तिथं सुखी आहेस ना रे?" तो घरी आला की ती हे विचारायचीच.

वाक्य त्याच्या ओठांवर होतं. बाहेर डॅडी फोनवर वसईच्या भावाला तिकिटं काढायला सांगत होते. त्यांचा आवाज आनंदानं चढला होता.

"हो, आई. सुखी आहे."

"मग बोलायचं काय होतं?"

"काही नाही. आत्याला स्टेशनवरून आणायला कोण जाणार, एवढंच."

"बघू," ती म्हणाली. बांगडे उलटायचे राहिले. करपल्याचा वास आल्यावर तिनं गॅस बंद केला.

दीक्षेच्या दिवशी आई इतकी रडली की बायकांनी तिला धरून बसवलं. देवानं नवस पुरा करून घेतला, भाग्यवान बाई, असं सगळे म्हणाले.

फादर निहारची नेमणूक आनेकलजवळच्या लहानशा चर्चमध्ये झाली. लोक चांगले होते. भाजी आणून द्यायचे, पोरांच्या डोक्यावर हात ठेवून घ्यायचे आणि अंधार पडायच्या आत आपापल्या घरी जायचे. सात वाजता तो खोलीत एकटाच गुडघे टेकायचा. प्रत्येक 'नमो मरिये'चा पहिला अर्धा भाग तोच म्हणायचा आणि उत्तरही तोच द्यायचा.

घर फार लांब नव्हतं. पण तिथं गेला की त्याला चांगली खुर्ची मिळायची, आधी वाढलं जायचं, आणि डॅडीही त्याला 'फादर' म्हणायचे. आई आता काहीच विचारत नव्हती.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात त्याला घरच्या चर्चमधून फोन आला. म्हातारे फादर साल्वादोर बोलत होते. ते मूळचे बेळगावचे.

"निहार, अंगात ताप आहे. पापनिवेदनाला रांग लागेल. कन्नड, तमिळला इथं फादर आहेत, पण आपली मराठी माणसं माझ्याकडेच येतात. आजची संध्याकाळ बसशील?"

"येतो, फादर."

घरी त्यानं कळवलं नाही. काम आटपलं की अचानक जाऊन उभं राहू, असा विचार होता.

पापनिवेदनाच्या अंधाऱ्या लाकडी कप्प्यात तो फादर साल्वादोरांच्या जागी बसला. समोर बारीक जाळी. पलीकडचा माणूस दिसत नाही, त्यालाही आतला दिसत नाही. या जाळीतून ऐकलेलं मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. ज्यानं सांगितलं त्याच्याकडेही पुन्हा आपणहून विषय काढायचा नाही. दीक्षेबरोबर आलेल्या नियमांतला हा सगळ्यात कडक.

चारपाच जण येऊन गेले. मग कुणीतरी सावकाश गुडघे टेकले आणि हळूच खाकरलं. ते खाकरणं त्यानं ओळखलं. मी आहे, असं सांगायला त्यानं तोंड उघडलं, पण आई बोलायला लागली होती.

"फादर, देवावर माझा राग आहे. मनातून जात नाही. तुम्ही मला नवसातून केव्हाच मोकळं केलं होतंत. निहार सेमिनरीत होता तेव्हाच. म्हणालात, नवस तू बोललीस, पोरानं नाही, त्याला घरी यायचं असेल तर येऊ दे. पण मी 'ये' म्हटलं असतं तर तो माझ्यासाठी आला असता. म्हणून नुसतं विचारत राहिले, सुखी आहेस ना? दर वेळी वाटायचं, फादर, आज तो नाही म्हणेल."