राजेश्वरीचं मागणं

शिराळ्याच्या शाळेत पाचवीतल्या राजेश्वरीनं मधल्या सुट्टीत एस्तेरबाईंना गाठलं. “बाई, तुमच्या येशूकडं आमी काय मागितलं तर चालतंय का?”

बाई चपापल्या. ‘चालतं’ म्हणावं तर गावात भलताच अर्थ निघायचा, ‘नाही’ म्हणायला जीभ रेटेना. “उद्या सांगते,” म्हणून त्यांनी वेळ मारून नेली.

संध्याकाळी त्यांनी ख्रिस्ती शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा प्रश्न टाकला. कुणी वचनं पाठवली, कुणी ‘आधी पालकांना विचारा’ म्हणून बजावलं, आणि बघता बघता दोन सरांची चांगलीच जुंपली. शेवटी सांगलीच्या निवृत्त मार्थाबाईंनी एवढंच लिहिलं, “पण पोरीला मागायचंय तरी काय?”

ते विचारायचं एस्तेरबाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेत शिरताच त्यांनी राजेश्वरीला बाजूला घेऊन विचारलं.

“तुमचा गुडघा बरा व्हावा म्हणून,” ती म्हणाली. “जिना चढताना लय तरास हुतोय तुमाला. आमच्या जोतिबालाच साकडं घातलं असतं, पर त्यो तुमाला कुठं वळखतोय?”